हेराल्डची काच

भाद्रपद संपला की मुंबईतलं ऊन वेगळं लागतं. पावसाने धुतलेल्या हवेत धूळ नसते, मळभ नसतं, आणि ऊन मधे कुठेही न अडता सरळ अंगावर येतं. अशा उन्हात सकाळी दादरच्या फुलबाजारातून चालत गेलं की पुलाखाली झेंडूच्या गोणी उतरत असतात. भिजक्या फुलांची वाफ निघत असते. बायका जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, बोटांत सुई, मांडीवर दोरा, आणि बोलणं अखंड चालू. आमची नेहमीची फुलवाली मला बघून म्हणाली, "ताई, दसऱ्याला हार किती ठेवू?"

"यंदा नको," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. कारण विचारलं नाही. सुईत पुढचं फूल ओवलं आणि माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. फुलं विकणाऱ्यांना हे कळतं. कुणाच्या घरी यंदा नको, हे त्यांना सगळ्यांत आधी कळत असेल.

माझा मोठा भाऊ, अरविंददादा, चैत्रात गेला. वर्ष होईपर्यंत आमच्या घरी सण नाहीत. गणपती नव्हता, आता दाराला तोरण नाही. त्यात दुःख आहे असं नाही, दुःख त्याच्या आधीच येऊन बसलेलं असतं. सण नसल्याने फक्त घर जरा मोठं वाटतं.

झेंडूचा वास मला कधी एकटा येत नाही. त्याच्यामागून पेट्रोलचा वास येतो, आणि उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या सीटचा. हे तिन्ही वास मिळून माझ्या लहानपणीचा दसरा होतो. त्याला कारण आमची हेराल्ड.

हेराल्ड म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. मद्रासला बनायच्या त्या गाड्या, फियाट आणि अँबॅसिडर यांच्या काळातल्या, पण त्यांच्याहून अंगाने बारीक. आमची फिक्या आकाशी रंगाची होती आणि तिला दोनच दारं होती. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. आई ठसक्यात पुढे बसायची; आम्ही दोघं भावंडं मागे. बाबांनी ती एका डॉक्टरीणबाईंकडून वापरलेली घेतली होती, त्यामुळे बरेच महिने तिच्यात डेटॉलसारखा वास यायचा आणि दादा म्हणायचा की ही गाडी आपल्याला इंजेक्शन देईल.

गिरगावातल्या आमच्या वाडीत आणखीही काही गाड्या असत. त्यांना बाहेर काढणं म्हणजे एक समारंभ होता. पुढे घ्या, मागे घ्या, आणि वरच्या गॅलऱ्यांतून सल्ले: "घे, घे, घे... अरे थांब, तुळस आहे." हेराल्ड मात्र विहिरीला वळसा घालून एका दमात तोंड फिरवायची. तिची पुढची चाकं इतकी तिरपी होत की बघणाऱ्याला वाटावं आता मोडतील. बाबा ऑफिसात हेडक्लार्क होते, आयुष्यात कुठेही मिरवले नाहीत. पण विहिरीला तो वळसा घालताना त्यांची मान थोडी ताठ होत असे. तिचं बॉनेट पुढच्या बाजूला उघडायचं, दोन्ही मडगार्डं आणि दिवे यांच्यासकट. सगळी गाडी वाकून नमस्कार करते आहे असं दिसे, आणि आतली चाकं उघडी पडत. रविवारी बाबा काम करत असले की दादा त्या पुढच्या चाकावर बसून पाने हातात देई.

दसऱ्याच्या सकाळी वाडीतल्या सगळ्या गाड्या धुतल्या जात. आई बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढायची, चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि बाबा झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा हार पुढच्या काचेच्या खालून या आरशापासून त्या आरशापर्यंत बांधायचे. मग गाडी सुरू व्हायची, लिंबं फुटायची, आणि चौपाटीवरून एक फेरी. आतून काचेच्या तळाशी झेंडू हलताना दिसत आणि त्यांच्या वर समुद्र. मला अजूनही समुद्राला खालच्या बाजूने केशरी काठ असावा असं वाटतं.

ज्या ऋतूबद्दल मी लिहिते आहे तो यानंतरचा आहे. मी नुकती कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते. त्या वर्षी पाऊस सरता सरता बाबा गेले. दिवस झाले, पाहुणे परतले, पितृपंधरवडा गेला आणि घटस्थापना झाली. ती आमच्याकडे नव्हती, पण वाडीत सगळ्यांकडे होती. संध्याकाळी शेजारून आरतीचे आवाज यायचे आणि आई आमच्या गॅलरीचं दार लोटून घ्यायची. हेराल्ड खाली उभी होती. बाबांनंतर ती कुणी चालवली नव्हती. काचेवर पानं पडून चिकटली होती.

एका संध्याकाळी आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. खाली बघत म्हणाली, "दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्यांना हार असतील. ही एकटीच बिनहाराची उभी दिसेल."

दादा म्हणाला, "बरं."

आमच्या घरात सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द हाच होता. आमच्याकडे कुणी कुणाला उलट विचारत नसे. बाबा सांगत, आई "बरं" म्हणे. आई सांगे, आम्ही "बरं" म्हणत असू. त्याला आम्ही वळण समजत होतो. आईच्या त्या वाक्यात दादाने एक काम ऐकलं. बिनहाराची गाडी आईच्या डोळ्यांसमोर राहता कामा नये, एवढंच त्याला कळलं. कुणाला विचारावं, विकावी, की नुसती ताडपत्री टाकावी, असं काही त्याच्या मनात आलं नसावं. बाबांची गाडी दुसऱ्याने वापरलेली बघणंही आईला सोसणार नाही, असंही त्याने आपलं आपणच ठरवलं. दुपारी आई झोपलेली असताना दोन माणसं आली आणि दोर लावून गाडी घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाळूकाकांनी विचारलं, "अरविंदा, गॅरेजला का रे?" दादाने मान हलवली.

रात्री जेवताना आईने विचारलं, "कधी देणार आहेत दुरुस्त करून?"

तेव्हा दादाने सांगितलं की गाडी मोडीत दिली. आईचा हात ताटावर थांबला. मग ती म्हणाली, "बरं."

दसऱ्याच्या दिवशी वाडीत सगळीकडे हार होते आणि आमच्या जागेवर फरशीचा एक फिका चौकोन होता, मधे तेलाचा डाग. बिनहाराची गाडी बघणं अवघड गेलं असतं. तो चौकोन बघणं त्याहून अवघड होतं, पण हे आधी कळायला काही मार्ग नव्हता. पुष्कळ वर्षांनी आई मला म्हणाली, "मी नुसतं म्हटलं होतं गं. मनात आलं ते म्हटलं. ने म्हणून कुठे सांगितलं?" तोवर दादाला ते सांगण्यात अर्थ उरला नव्हता. मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि मला वाटतं त्याला ते ठाऊक होतं.

दिवाळीच्या आधी खोताच्या वाडीतले एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्याकडेही हेराल्ड होती. वडील गेल्याचं कळलं, म्हणून भेटायला आलो, म्हणाले. आणि गाडी कधी विकायला काढणार असाल तर मला आधी सांगा. दादाने झालेलं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "गिअरबॉक्सही?"

"हो."

"आणि मीटर? दारांची हँडलं? ती मिळत नाहीत हो."

"सगळंच."

"पुढची काच?"

अपघाताची बातमी आल्यावर एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन विचारावं, तसे ते विचारत होते. दादा प्रत्येक नावाला "हो" म्हणत होता. ते गेल्यावर त्याने चपला घातल्या. मीही निघाले.

रे रोडला लाकडाच्या वखारींमागे मोडीवाल्याची जागा होती. आम्ही पोचलो तेव्हा हेराल्ड म्हणावी अशी काही उरली नव्हती. बॉनेट भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्यावर आईच्या जुन्या स्वस्तिकाचा डाग असेल म्हणून मी बघितलं, पण उन्हात नीट दिसलं नाही. इंजिन कुठल्या तरी ढिगात गेलं होतं. तिथला माणूस भला होता, त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं. जमिनीवर काचेचे दाणे पसरले होते, जाड साखर सांडल्यासारखे. कापताना काच वाटेत येते, म्हणून ती आधी फोडतात, असं त्याने सांगितलं. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्याच्याकडे आलेल्या गाडीचं लोखंड होतं, आणि लोखंडात गिअरबॉक्स, हँडल आणि मीटर असे भेद नसतात. ते भेद ज्यांना माहीत होते त्यांनीच ती तिथे पाठवली होती.

त्या काळात अशा किती गाड्या गेल्या असतील याचा विचार मी अनेकदा करते. गिरगावातल्या, दादरच्या, हिंदू कॉलनीतल्या. कुणाचा मुलगा परदेशी गेला म्हणून, कुणाच्या इमारतीत जागा नाही म्हणून, कुणाला नुसती नवी गाडी हवी म्हणून. वाईट मनाने कुणीच काही केलं नसेल. जुनं आणि टाकाऊ यांत फरक करायला जितका वेळ लागतो तितका वेळ तेव्हा कुणाकडे नव्हता. आज कुणी जुन्या गाड्यांची मिरवणूक काढतं तेव्हा लोक फूटपाथवर उभे राहून फोटो घेतात आणि म्हणतात, आमच्याकडे अशीच होती. त्या "होती"मध्ये किती गाड्या उभ्या आहेत.

दादाने पुढे दुसरी गाडी घेतली नाही. त्याने भाग गोळा करायला सुरुवात केली. आधी एक हॉर्नचं बटण, मग मागच्या दिव्याची लाल काच, मग एका दाराचं हँडल. शनिवारी ऑफिस सुटलं की तो ऑपेरा हाऊसच्या बाजूची सुट्या भागांची दुकानं धुंडाळत असे. गाडी नव्हती आणि होणारही नव्हती. ती ठेवायला जागाही नव्हती. तरी तिचा एकेक अवयव घरी येत होता.

काच आणली त्या दिवशी मी बरोबर होते. एक जुनं दुकान बंद होत होतं आणि त्यांच्या माळ्यावर हेराल्डची पुढची काच निघाली, कागदात गुंडाळलेली, कधीच न बसवलेली. बाक असलेली, दोन हातांत न मावणारी. टॅक्सीवाला घेईना. मग आम्ही दोघांनी ती उभी धरून ऑपेरा हाऊसपासून वाडीपर्यंत चालत आणली. रस्त्यातल्या माणसांना आम्ही काचेमागून दिसत होतो, जरासे वाकडे, आणि लोक हसून बाजूला होत होते. वाडीच्या तोंडाशी बाळूकाका उभे होते.

"काय अरविंदा, यंदा काच? आणि टायर कधी?"

"बघू, काका."

"बघ बाबा. नातवाच्या मुंजीपर्यंत गाडी पुरी होईल. मला आमंत्रण दे, मी वरून बघेन."

दादाचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दार वहिनींनी उघडलं. शैलावहिनी भायखळ्याच्या, माहेरी मोकळं बोलण्याची सवय. त्यांनी विचारलं, "हे काय आणलं?"

"काच," दादा म्हणाला.

"कसली?"

"हेराल्डची."

"हेराल्ड कुठे आहे?"

वहिनींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." त्या दिवशी त्या आमच्या घरच्या झाल्या असं मला वाटतं.

मग ती काच पलंगामागे राहिली. दर दसऱ्याला दादा ती बाहेर काढी, जुनी चादर सोडी, पुसून लख्ख करी आणि तिच्या कोपऱ्याला कुंकवाचं एक बोट लावून झेंडूचं फूल टेकवी. दुपारी पुन्हा चादर. वाडी पाडली गेली आणि आम्ही भोईवाड्यात राहायला आलो तेव्हा सामानाच्या टेम्पोत दादा ती मांडीवर धरून बसला होता. वहिनी कधी हेराल्डमध्ये बसल्या नाहीत. त्यांच्या लग्नाआधीच ती गेली होती. पण सीट कशी वाकवायची, ब्रेक कुठे लागायचा, वळताना आवाज कसा यायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. न पाहिलेल्या सासऱ्यांसारखी ती गाडी त्यांच्या संसारात होती.

आता या दसऱ्याकडे येते. फुलबाजारातून मी भाजी घेऊन घरी आले तेव्हा वहिनी पलंगाजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "नलू, दसऱ्याच्या आत ती काच इथून हलायला हवी."

माझ्या ओठांवर "बरं" आलंच होतं. आमच्या घरात तेच येतं. पिशवी खाली ठेवता ठेवता मला आईची मेथी आठवली आणि मी थांबले. मी विचारलं, "हलायला हवी म्हणजे काय, वहिनी? टाकून द्यायची आहे?"

त्या दचकल्या. उलट विचारलं जाण्याची त्यांनाही आता सवय राहिली नव्हती.

"टाकून कोण देतंय? खालच्या भंगारवाल्याला विचारलं मी. तो म्हणाला, काच नाय चालत बाई, फोडून गोणीत भरा आणि कचऱ्याच्या गाडीत टाका. मेल्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही."

"मग ठेवायची आहे?"

"ठेवून काय करू?" त्या पलंगावर बसल्या. "दर दसऱ्याला हे ती काढायचे. पुसायचे. कुंकू लावायचे. यंदा वर्ष आहे, लावता येणार नाही. त्या दिवशी ती तशीच मागे पडून राहणार आणि मला इथून दिसणार. ते नाही जमायचं मला. आणि गेली तर तेही नाही जमायचं. आता तू शिकलेली आहेस, तूच सांग काय करायचं."

शिकलेलं काहीच उपयोगी पडलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. मग वहिनीच म्हणाल्या, "जिथे तिला कुणी कुंकू लावेल अशा ठिकाणी गेली तर चालेल मला."

मला परब आठवले. दोनेक वर्षांपूर्वी ते दादाला भेटायला आले होते, आणि दादा गेल्यावर पुन्हा एकदा, भेटायला. तेव्हा काचेचा विषय न काढता अर्धा तास बसून गेले होते. दादाच्या मोबाइलमध्ये त्यांचं नाव होतं: "परब हेराल्ड". वहिनींनी स्वतः फोन लावला.

परब संध्याकाळीच आले. पन्नाशीच्या आतले, विमा कार्यालयात नोकरी, शर्टच्या खिशाला ओळखपत्र तसंच. लालबागच्या चाळीत त्यांच्या वडिलांची हेराल्ड होती. दोन वर्षांपूर्वी मंडप बांधताना वरून बांबू पडला आणि तिची पुढची काच गेली. इंजिन चालतं, पण काचेशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

"मी काकांना विचारलेलं तेव्हा," परब म्हणाले. "काका बोलले, ही माझ्या गाडीची आहे. मी बोललो, काका, तुमची गाडी कुठाय? तर बोलले, नाहीये. आता याच्यावर मी काय बोलणार? चहा प्यायलो आणि निघालो."

वहिनी हसल्या. चैत्रानंतर मी ते पहिल्यांदा बघितलं. "राग आला असेल तुम्हाला."

"नाही ओ. मला पटलं ते. माझी पण तशीच हालत आहे ना. दिवाळीनंतर आमची चाळ बिल्डरकडे जाणार, चौक रिकामा करून मागितलाय. गाडी चालती असेल तर गावी घेऊन जाईन, कुडाळला घराला पडवी आहे. नाही चालली तर उचलून नेतील. शेजारचे बोलतात, सोड रे, डबा झालाय. डबा काय, बाबांनी शेवटपर्यंत धुतलाय तो."

"तेव्हा सांगितलं नाहीत हे?" मी विचारलं.

"काकांना? कशाला? त्यांचं एवढं गेलेलं, त्यात माझं कुठे सांगत बसू. आणि नंतर आलो तेव्हा तर विचारणंच बरोबर नव्हतं."

वहिनींनी पलंगाकडे बोट दाखवलं. परब उठले, चादरीचा एक कोपरा सोडला आणि काचेच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. देण्याघेण्याचं त्यांनी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ते राहू दे. चालवून दाखवा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही काच लालबागला नेली. टेम्पोत खाली गादी, वर गादी, आणि मधे ती. परबांची आई चाळीच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलाला काच उतरवताना बघून म्हणाल्या, "बायलेक कधी इतक्या जपान धरलंस नाय रे."

"आये, गप ना जरा," परब म्हणाले. मागे त्यांची बायको हसायला लागली.

ही हेराल्ड पांढरी होती, किंवा कधीतरी असावी. पुढे काचेच्या जागी प्लायवूड ठोकलं होतं. ते काढल्यावर गाडीने डोळे उघडल्यासारखं वाटलं, पण आत काही नव्हतं, नुसती पोकळी. परब आणि त्यांचा एक मित्र कामाला लागले. काचेच्या कडेने नवीन रबर बसवलं, रबराच्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. मग मित्राने बाहेरून काच दाबून धरली आणि परब आत बसून सुतळीचं टोक हळूहळू ओढू लागले. सुतळी निघत जाते तसं रबर आतल्या पत्र्यावर चढत जातं. घाई केली तर काच जाते. आम्ही सगळे एका बाजूला उभे होतो. वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकले होते. त्यातल्या एकाने सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि परबांच्या आईंनी नुसती मान वर केली, तसं मिटलं.

वरच्या कोपऱ्याला पोचताना टक् असा आवाज झाला. वहिनींनी माझा दंड पकडला. परब आत तसेच थांबले. मित्राने काचेवरून हात फिरवला, कडेला कान लावल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "रबर बसलं. चल, ओढ."

शेवटची सुतळी बाहेर आली. काच जागेवर होती. माळ्यावर, मग आमच्या पलंगामागे, इतकी वर्षं काढलेली ती काच कधी कशाला बसवली गेली नव्हती. गाडीत बसून तिच्यातून कुणी बाहेर बघितलंच नव्हतं. आता तिच्यातून परब दिसत होते, सुतळीचं भेंडोळं दोन्ही हातांत धरून बसलेले, आणि डोळे पुसायला हात मोकळा नसलेले.

चहा झाला. निघताना परबांच्या आई वहिनींना म्हणाल्या, "उद्या दसऱ्याक येशात मां? पूजा करूक व्हयी."

वहिनी म्हणाल्या, "यंदा आमचं वर्ष आहे हो. आम्ही पूजेला नाही यायच्या."

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं. "वरस तुमच्या घराक. गाडयेक कसला वरस? तिका माझी सून हार घालतली. तुमी फकस्त बसाक येवा."

किती साधं होतं. त्या वर्षी वाडीत एवढी माणसं होती, एवढ्या गॅलऱ्या होत्या. आमच्या गाडीला शेजारच्या कुणीही हार घातला असता. बाळूकाकांनी तर आनंदाने घातला असता. आम्ही कुणाला विचारलं नाही, म्हणून कुणी आम्हाला सांगितलं नाही. पण हे उशिरा कळल्याचं मला त्या दिवशी फारसं वाईट वाटलं नाही. एक गाडी गेली होती आणि दुसरी समोर उभी होती, आणि या दुसरीच्या बाबतीत हे वेळेवर कळलं होतं.

दसऱ्याला सकाळी वहिनी माझ्याआधी तयार होऊन बसल्या होत्या. लालबागला पोचलो तेव्हा पूजा आटोपली होती. हार बांधून झाला होता. म्हातारीची सून म्हणजे परबांची बायको, हाताला कुंकू तसंच. तिने डावीकडचं दार उघडून धरलं. वहिनी नको नको म्हणत पुढे बसल्या. मी आणि परबांच्या आई दुसऱ्या दाराने परबांची सीट वाकवून मागे शिरलो, आणि मला त्या तशा शिरण्याची सवय अजून अंगात आहे हे कळलं.

गाडी दोनदा कण्हली आणि सुरू झाली. चाकांखालची लिंबं फुटली. परबांनी ती चाळीच्या चौकात एका दमात वळवली. गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण समोर बघणं जरा कठीण होतं. रस्त्यावर बस, रिकामे टेम्पो, मोटारसायकली, सगळ्यांनाच हार होते. आम्ही उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला थांबलो.

वहिनींनी डॅशबोर्डकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग परबांच्या कोपराकडे, जे त्यांच्या कोपराला जवळजवळ लागत होतं. मग मान मागे वळवून मला म्हणाल्या, "नलू, हे सांगायचे तेवढी काही मोठी नाहीये गं ही."

"नाही," मी म्हटलं. "लहानच आहे."

"माझ्या डोळ्यांसमोर केवढी होती." त्या पुन्हा समोर वळल्या. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवू लागले होते. वहिनींनी पदर सारखा केला, सीटवर नीट मागे सरकून बसल्या आणि परबांना म्हणाल्या, "चला, घ्या जरा जोरात. एवढ्या लवकर नाही उतरायचं मला."